सरकारी महामंडळाला स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट लागू पडतं का? एसटीचं उदाहरण घेऊन सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की एमबीए करून तुम्ही नुकतेच एका सरकारी महामंडळाच्या नियोजन शाखेत लागलात, साहेबांनी पाच वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅन करायला सांगितलाय, आणि पोर्टरचे फाइव्ह फोर्सेस (धंद्यावरचे पाच दबाव), स्वॉट (बलस्थानं, कमकुवत बाजू, संधी, धोके), बॅलन्स्ड स्कोअरकार्ड (पैशाबरोबर बाकीच्या गोष्टीही मोजणारा तक्ता) हे सगळं सरकारी संस्थेत खरंच चालतं की नुसते कागद भरले जातात. मी बरीच वर्षं सार्वजनिक वाहतुकीच्या नियोजनात काम केलंय आणि आता अशाच संस्थांच्या अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग घेतो, त्यामुळे उदाहरण एसटीचं घेतो, ती सगळ्यांना माहीत आहे आणि तिची बहुतेक माहिती जाहीर आहे.

चालतं. पण सुरुवात वेगळ्या टोकापासून करावी लागते. कंपनी आधी कुठल्या धंद्यात उतरायचं ते ठरवते, मग गिऱ्हाईक निवडते, मग भाव लावते. सरकारी संस्थेला धंदा कायद्याने दिलेला असतो, गिऱ्हाईक निवडायची मुभा नसते, भाव दुसरं कोणीतरी मंजूर करतं, आणि सेवा घेणारा एक आणि पैसे देणारा दुसराच असं बरेचदा असतं. म्हणून पहिला प्रश्न स्पर्धेचा नसतोच. आपल्यावर कायद्याने कुठलं काम टाकलंय, त्यातलं कुठलं काम कोणाच्या पैशाने करायचंय आणि हे कुठे लिहून ठेवलंय का, इथून सुरू करा. हे सुटलं नसेल तर पुढचे सगळे तक्ते कितीही छान असले तरी त्यांच्यावर कोणीही निर्णय घेणार नाही, हे मी खूप ठिकाणी बघितलंय.

एसटीचं बघा. १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली गाडी धावली, पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली महामंडळ आलं. हा कायदा तुम्ही परिवहनात नसाल तरी वाचा, छोटा आहे. त्याचं कलम १८ म्हणतं की राज्यात कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि नीट सांगड घातलेली बससेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्य. कलम २२ म्हणतं की महामंडळाने व्यापारी तत्त्वावर चालायचं. आणि कलम ३४ प्रमाणे राज्य सरकार महामंडळाला धोरणात्मक सूचना देऊ शकतं. म्हणजे पुरेशी सेवा द्या, धंद्यासारखी चालवा आणि सरकार सांगेल तसं करा, तिन्ही गोष्टी एकाच कायद्यात, आणि तिन्ही एकदम पूर्ण होत नाहीत. चार प्रवाशांच्या वाडीवर गाडी नेणं १८ मध्ये बसतं, २२ मध्ये बसत नाही. ही ओढाताण कोणाच्या नालायकीमुळे नाही, ती संस्थेच्या जन्मापासून आहे. तुमच्या महामंडळाच्या कायद्यात किंवा स्थापनेच्या जीआरमध्ये अशी ओढाताण नक्की सापडेल, ती शोधून एका पानावर लिहा, तुमच्या प्लॅनचं पहिलं पान तेच.

आता पोर्टर. त्याचे पाच दबाव म्हणजे सध्याचे स्पर्धक, नवे येणारे, पर्याय, गिऱ्हाईक आणि पुरवठादार. हे फाइव्ह फोर्सेस एसटीला सरळ लावले की उत्तर येतं की धंदा वाईट आहे, बाहेर पडा. वडाप (प्रवासी भरणाऱ्या खासगी जीपा) आहे, काळी-पिवळी आहे, लांब पल्ल्याला खासगी स्लीपर आहेत, रेल्वे आहे, डिझेलवाला भाव ठरवतो. पण एसटीला बाहेर पडता येत नाही, मग हे विश्लेषण करून काय करायचं? मी सांगतो ते असं करा, पाचही जागांवर सरकार कुठे कुठे बसलंय ते लिहा. एसटीच्या बाबतीत सरकार मालक आहे, भाडं ठरवण्यात सरकारी प्राधिकरणाची मंजुरी लागते, तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर लावणारंही सरकारच, गाड्या घ्यायला भांडवल देणारं सरकार, कामगारांच्या वाटाघाटीत शेवटचा शब्द सरकारचा. आणि गेल्या काही वर्षांत सरकार सगळ्यात मोठं गिऱ्हाईकही झालंय. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आला, मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट आलं, त्याआधीपासून विद्यार्थ्यांचे पास, मुलींचे मोफत पास, ज्येष्ठांची सवलत होतीच. या सगळ्याची प्रतिपूर्ती सरकार करतं. म्हणजे गाडीत बसलेल्या बाईचं अर्धं तिकीट ती देते आणि अर्धं मंत्रालयातून येतं.

हे नीट समजून घ्या, कारण थिअरीतली ताकद इथे दिसते. पोर्टरने मोठ्या गिऱ्हाइकाच्या ताकदीबद्दल जे सांगितलंय ते इथे शब्दशः लागू होतं. एकच गिऱ्हाईक तुमच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा देत असेल तर भाव तोच ठरवणार, पैसे कधी द्यायचे तेही तोच ठरवणार. सवलत जाहीर झाली की प्रवासी वाढतात, गाड्या भरतात, भारमान (गाडीतल्या किती जागा भरल्या ते) वर जातं, कागदावर उत्पन्न वाढतं, आणि तरी डिझेलची आणि पीएफची देणी थकतात कारण प्रतिपूर्ती महिनाभर पुढे गेली. अर्धं तिकीट हा चांगलाच निर्णय आहे, खेड्यातल्या बायकांचं बाहेर पडणं त्यामुळे वाढलंय हे स्टँडवर उभं राहिलं तरी दिसतं. पण नियोजनवाल्याचं काम असं की हा निर्णय आला त्याच दिवशी पैसे किती दिवसांत मिळणार, कुठल्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खान्यातून) मिळणार, आणि वाढलेल्या प्रवाशांसाठी जादा गाड्या कोण देणार याची टिपणी तयार ठेवायची. खासगी कंपनी मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर पेमेंटच्या अटी आधी ठरवते, इथेही तेच करायचंय, फक्त ते करार म्हणून न होता शासन निर्णयातल्या एका परिच्छेदात होतं.

स्पर्धेकडे बघायचंच असेल तर 'पर्याय' या खान्याकडे बघा. लोक खासगी बसवर चिडतात, पण दहा-पंधरा किलोमीटरच्या प्रवासात एसटीचा खरा पर्याय मोटरसायकल आहे, ती माणसाला हव्या त्या वेळेला निघते. तिथे भाडं कमी करून फारसं काही होत नाही, फेरी वेळेवर आणि रोज असणं महत्त्वाचं. सकाळची सातची गाडी आठवड्यातून दोनदा रद्द झाली की कामावर जाणारा माणूस हप्त्यावर गाडी घेतो आणि तो परत येत नाही. राहतात कोण, तर ज्यांच्याकडे मोटरसायकल नाही ते, म्हणजे शाळेच्या मुली, म्हाताऱ्या, मजूर बायका. ज्याला दुसरा मार्ग आहे तो निघून जातो आणि ज्याला नाही त्याच्यासाठीच आपण उरतो, ही सार्वजनिक संस्थांची नेहमीची गोष्ट आहे, सरकारी शाळा आणि दवाखान्यांचंही तेच, आणि म्हणून तिथे सेवा बिघडली तर त्याचा त्रास सगळ्यात जास्त कोणाला होतो हे प्लॅनमध्ये स्पष्ट आलं पाहिजे.

सरकारी संस्थेसाठी मला सगळ्यात उपयोगी वाटलेली चौकट म्हणजे हार्वर्डच्या मार्क मूर यांचा त्रिकोण, १९९५ च्या पुस्तकातला. एका कोपऱ्यात लोकांसाठी तयार होणारं मूल्य, दुसऱ्यात तुम्हाला परवानगी आणि पैसा देणारे, म्हणजे मंत्री, विधिमंडळ, वित्त विभाग, कोर्ट, युनियन, पेपरवाले, आणि तिसऱ्यात तुमची प्रत्यक्ष करायची क्षमता. तिन्ही कोपरे जुळले तरच काम पुढे जातं. ऐकायला सोपं आहे, पण बहुतेक सरकारी प्लॅन पहिल्या कोपऱ्यावर चाळीस पानं लिहितात आणि बाकी दोनवर एकेक.

दुसरा कोपरा किती महत्त्वाचा आहे ते २०२१-२२ च्या संपाने दाखवलं. कर्मचाऱ्यांची मुख्य मागणी होती विलीनीकरणाची, आम्हाला राज्य सरकारचे कर्मचारी माना. पगार आणि वेळेवर पगार हा त्यामागचा मोठा भाग होताच, पण मूळ प्रश्न कलम २२ चाच होता. तोट्याच्या फेऱ्या सरकारच्या सांगण्यावरून चालवायच्या आणि तोट्याचा भार पगारावर यायचा, हे किती दिवस? आंध्रात जानेवारी २०२० पासून आरटीसीचे, म्हणजे तिथल्या एसटीचे, कर्मचारी सरकारात घेतले गेले होते, ते उदाहरण समोर होतं. इथल्या समितीने विलीनीकरणाची शिफारस केली नाही, हायकोर्टाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि संप संपला. विलीनीकरण बरोबर की चूक यावर माझं मत विचाराल तर मला ते उत्तर वाटत नाही, कारण त्याने पगाराची चिंता मिटते पण कुठली फेरी का चालवायची हा प्रश्न तसाच राहतो. पण कामगारांनी बोट ठेवलं ती जागा अचूक होती. सामाजिक काम आणि व्यापारी काम यांचा हिशेब वेगळा न ठेवल्याची किंमत पाच-सहा महिने गावोगावच्या प्रवाशांनी मोजली.

म्हणून आता हिशेबावर येतो, इथे जरा थांबून वाचा, प्लॅनमधलं खरं काम हेच आहे. एखादी फेरी तोट्यात आहे असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा किलोमीटरमागचा एकूण खर्च लावलेला असतो, त्यात चालक-वाहकाचा पगार, डेपोचा खर्च, मुख्यालय, घसारा, सगळं येतं. समजा जाऊन-येऊन ८० किलोमीटरची फेरी आहे, उत्पन्न २,४०० रुपये, आणि एकूण खर्च किलोमीटरला ६० रुपये धरला तर ४,८०० होतो, म्हणजे तोटा २,४००. साहेब म्हणतात बंद करा. पण बंद केली तर वाचतं काय? डिझेल, गाडी लिटरला साडेचार किलोमीटर देत असेल तर सुमारे १८ लिटर, नव्वदच्या भावाने १,६०० च्या आसपास, टायर आणि सुट्या भागांचे अडीचशे धरा. म्हणजे वाचले १,८५० आणि गेले २,४००. पगार तर द्यायचाच आहे. तोटा साडेपाचशेने वाढला. हे आकडे मी समजायला घेतलेत, तुमच्या डेपोचे वेगळे येतील, पण पद्धत हीच.

याला एक मोठी अट आहे आणि ती लोक विसरतात. हे गणित तेव्हाच खरं जेव्हा ती गाडी आणि ती ड्युटी दुसरीकडे लावायला जागा नाही. गाड्यांची टंचाई असेल, आणि एसटीत गेली काही वर्षं ती आहेच, तर तीच गाडी दुसऱ्या मार्गावर डिझेल-टायर सोडून किती कमावेल याच्याशी तुलना करावी लागते. म्हणून आधी अडतंय कुठे ते शोधा, गाडी कमी आहे, चालक कमी आहेत की वर्कशॉपमध्ये गाड्या अडकल्यात. प्रत्येक डेपोचं उत्तर वेगळं असतं आणि मुख्यालयातून एकच आदेश निघाला की कुठेतरी चुकतोच.

मग फेऱ्यांचे तीन गठ्ठे होतात. पहिल्यात पूर्ण खर्च भरून वर उरणाऱ्या, दुसऱ्यात डिझेल-टायर भागवून थोडंफार देणाऱ्या, आणि तिसऱ्यात डिझेलही न निघणाऱ्या पण चालवायलाच हव्यात अशा, मुक्कामी गाड्या, शाळेच्या वेळेच्या गाड्या, आदिवासी पाड्यांच्या गाड्या. पहिल्या गठ्ठ्यावर धंद्याचे नियम लावा, भाडं, आराम, ऑनलाइन बुकिंग, सगळं. दुसऱ्यात वेळा बदलून सुधारणा होते. तिसऱ्या गठ्ठ्याचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा, तालुकानिहाय रक्कम काढा, आणि ती सरकारकडे मागा. नुसतं 'आम्ही तोट्यात आहोत, मदत करा' म्हटलं की वित्त विभाग म्हणतो सुधारणा करा. 'या तालुक्यातल्या या फेऱ्या, यात एवढ्या मुली शाळेत जातात, याला वर्षाला एवढे लागतात, द्यायचे की बंद करायच्या ते सांगा' म्हटलं की निर्णय त्यांच्या टेबलावर जातो आणि स्थानिक आमदारही तुमच्या बाजूने बोलतो. हेच मूर यांच्या दुसऱ्या कोपऱ्यातलं काम, पण डेपोच्या आकड्यांवर उभं केलेलं.

वेळेचंही भान ठेवा. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी विभागांची आकडेमोड दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, तुमचा प्रस्ताव फेब्रुवारीत गेला तर तो वर्षभर कपाटात. पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्ये जादा निधी मागायची, वाट आहे, पण ती भरवशाची नाही. हे कुठल्याच स्ट्रॅटेजीच्या पुस्तकात मिळणार नाही.

भाड्याचंही असंच. एसटीची भाडेवाढ ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली आणि त्यानंतर थेट जानेवारी २०२५ मध्ये, जवळपास १५ टक्के एकदम. मधल्या काळात डिझेल, पगार, टायर काय थांबले होते का? दरवर्षी थोडं थोडं वाढलं असतं तर कोणाला फार बोचलं नसतं, एकदम पंधरा टक्के लोकांना लागतात आणि आंदोलनं होतात. निवडणुकीच्या तोंडावर कोणी वाढ करणार नाही हे गृहीत धरूनच आखणी करायला हवी, म्हणजे खर्चाला जोडलेलं सूत्र आधी मंजूर करून घ्यायचं आणि दरवर्षी ते आपोआप लागेल असं बघायचं.

तिसरा कोपरा क्षमतेचा. एसटीची खरी दौलत कुठली विचाराल तर मी गाड्या म्हणणार नाही. तालुक्याच्या मध्यावर असलेली स्टँडं, टप्पा वाहतुकीचा, म्हणजे वाटेत थांबे घेत प्रवासी चढवण्या-उतरवण्याचा, कायदेशीर हक्क, आणि घाटात रात्री गाडी चालवणारे, गावात मुक्काम करणारे चालक-वाहक. या तीन गोष्टी कुठलाही खासगीवाला पैसे टाकून लगेच उभ्या करू शकत नाही, रिसोर्स बेस्ड व्ह्यू म्हणतात तो हाच. आषाढीला पंढरपूरला आणि गणपतीत कोकणात हजारो जादा गाड्या सोडायचं कौशल्य हेही त्यातच येतं. उलट क्षमता न बघता निर्णय घेतला की काय होतं तेही दिसलंय, २०२३ मध्ये ५,१५० इलेक्ट्रिक गाड्या भाड्याने घ्यायचं ठरलं आणि त्या ठरलेल्या वेळेत आल्या नाहीत. इलेक्ट्रिकचा निर्णय दिशेने बरोबरच आहे, पण तेवढ्या गाड्यांसाठी डेपोत वीज जोडणी, चार्जिंगची जागा, पुरवठादार उशीर करेल तेव्हा जुन्या गाड्या किती दिवस ताणायच्या, हे सगळं त्याच प्लॅनमध्ये असायला हवं.

बॅलन्स्ड स्कोअरकार्डचं विचारलंत. अमेरिकेतल्या शार्लट शहराने १९९० च्या दशकात ते वापरलं तेव्हा एक बदल केला, कंपनीत सगळ्यात वर पैसा असतो, त्यांनी नागरिक वर ठेवला आणि पैसा खाली साधन म्हणून. तेवढा बदल तुम्हीही करा. पण जास्त काळजी मोजमापाची घ्या. आगार व्यवस्थापकाला नुसतं किलोमीटरमागचं उत्पन्न विचारलं तर तो संध्याकाळची खेड्यातली फेरी 'गाडी उपलब्ध नाही' म्हणून रद्द करतो आणि गाडी हायवेवर सोडतो, त्याचा आकडा सुधारतो आणि मुली स्टँडवर अंधार पडेपर्यंत बसतात. त्याला दोष देऊ नका, आपण जे मोजलं ते त्याने दिलं. म्हणून रद्द फेऱ्यांची टक्केवारी, त्यातही शाळेच्या आणि शेवटच्या फेरीची वेगळी, हा आकडा उत्पन्नाच्या बरोबरीने ठेवा. डिझेलचा केएमपीएल (लिटरला किती किलोमीटर), ब्रेकडाऊन, टायर हे डेपोवाल्यांना आधीच पाठ असतं, तिथे नवीन काही घुसडू नका. पाच-सहा आकडे पुरे, तीस आकड्यांचा तक्ता महिन्याच्या मीटिंगमध्ये कोणी वाचत नाही.

स्वॉटबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. कुठल्याही कार्यालयात करा, अनुभवी कर्मचारी आणि निधीची कमतरता हेच येतं. त्यापेक्षा दोन दिवस तीन-चार आगार व्यवस्थापकांबरोबर बसा, त्यांनी वरून आदेश नसताना स्वतः काय बदल केले ते विचारा. कोणी कॉलेजच्या सुटण्याप्रमाणे वेळ हलवलेली असते, कोणी बाजाराच्या दिवशी एक फेरी वाढवलेली असते. मॅनेजमेंटचे अभ्यासक मिंट्झबर्ग ज्याला खालून उगवणारी स्ट्रॅटेजी म्हणतात ती अशा बदलांत असते, आणि ऑडिटच्या भीतीने ती कोणी लिहून ठेवत नाही. त्यातलं जे चाललंय त्याला परिपत्रक काढून संरक्षण द्या, म्हणजे पुढच्या माणसाला ते करताना भीती वाटणार नाही.

शेवटचा मुद्दा तुमच्या पाच वर्षांचा. तुमचे साहेब पाच वर्षं त्या खुर्चीत राहतील असं धरू नका, दीड-दोन वर्षांत बदली होते, मंत्रीही बदलतात. मग त्या दोन वर्षांत जे मागे फिरवणं अवघड आहे असंच निवडा. तिसऱ्या गठ्ठ्याचा वेगळा हिशेब सॉफ्टवेअरमध्ये आणि वार्षिक अहवालात आला की तो टिकतो, प्रतिपूर्तीची मुदत जीआरमध्ये आली की टिकते, भाड्याचं सूत्र मंजूर झालं की टिकतं. व्हिजनच्या पानावरचं वाक्य टिकत नाही. साहेबांना पहिल्या मीटिंगमध्ये सत्तर स्लाइड दाखवण्यापेक्षा एका डेपोचे तीन गठ्ठे करून दाखवा, खरे आकडे टाकून, आणि विचारा की हे सगळ्या डेपोंचं करायला परवानगी देता का. परवानगी मिळाली की प्लॅन कसा लिहायचा हे तुम्हाला त्या आकड्यांतूनच कळत जाईल, आणि मध्ये कुठे अडलात तर त्या डेपोचा तक्ता इथे टाका, मी बघून सांगतो.